पोहता येणारा शिष्य

बाबा, डहाणूच्या बसस्थानकात झाईच्या बसची वाट पाहत बसलो आहे आणि मांडीवर वही ठेवून हे तुम्हाला लिहितो आहे. तुम्हाला जाऊन चोवीस वर्षे झाली. तुमचे चिरंजीव आता बावन्न वर्षांचे, स्थूलदेह, अल्पकेश आणि पंचक्रोशीत विनोदमूर्ती म्हणून ख्यातकीर्त आहेत. सत्कार असो वा शोकसभा, दोन संस्कृतप्रचुर वाक्ये फेकायची आणि लोकांना हसवायचे, एवढ्या भांडवलावर या प्राण्याने अर्धे आयुष्य निभावले. आज सकाळी झाईहून मावशीच्या मुलाचा फोन आला. कालपासून तिच्या पोटात घोटभर पाण्याखेरीज काही नाही. “काका, यायचं तर आजच या,” एवढेच तो म्हणाला. मला तिला एक वाक्य सांगायचे आहे. नऊ वर्षे ते सांगायचे राहिले आहे.

मावशी म्हणजे तलासरीच्या वसतिगृहातली आपली स्वयंपाकीण. तुम्ही तिथे धर्मशिक्षक होतात तेव्हा ती नुकतीच कामाला लागली होती. मच्छीमाराघरची, हिंदू, प्रार्थनेच्या वेळी दाराशी उभी राहायची आणि ‘आमेन’ मात्र सगळ्यांहून मोठ्याने म्हणायची. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला तो रविवार तुम्हाला आठवत असेल. तुम्ही पश्चात्ताप या विषयावर बोलत आहात, आणि बोलतच आहात. चुलीवरचा भात तुमच्या विवेचनाइतका दीर्घायुषी नसतो, तो करपतो. मुले ताटे घेऊन रांगेत उभी असताना तुम्ही तिला सर्वांदेखत म्हणता की एवढ्या मुलांचे अन्न नासवलेस, लक्ष कुठे असते तुझे. व्हरांड्यात मी, वय वर्षे बारा, जन्मजात आगाऊ, तुम्हाला सांगतो की भात साडेबाराला तयार होता आणि प्रवचन सव्वाला संपले. तुम्ही थांबता. मला वाटते, आता कान पिळला जाणार. तुम्ही मागे वळता. “रागावलो सगळ्यांसमोर,” तुम्ही म्हणता, “तर सांगायलाही सगळ्यांसमोरच लागेल.” आणि त्याच रांगेपुढे तुम्ही तिला सांगितलेत की चूक माझी, मी वेळेत थांबलो नाही. ती म्हणाली, “मग बसा मास्तर. खरवड तुमच्या ताटात.” तुम्ही ती काळी खरवड शेवटच्या शितापर्यंत खाल्लीत.

त्याच संध्याकाळी तुम्ही वर्गात विचारलेत: येशूच्या शिष्यांपैकी पेत्राने गुरूला तीनदा नाकारले, यहूदाने त्याला धरून दिले, दोघांनाही मागाहून मनस्वी वाईट वाटले, मग दोघांत फरक काय? मी उठून सांगितले, “पेत्राला पोहता येत होतं.” वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. “बरोबर,” म्हणालात. “मरणातून उठलेला प्रभू किनाऱ्यावर दिसला तेव्हा होडी लागेपर्यंत तो थांबला नाही. तडक पाण्यात उतरला. वाईट दोघांनाही वाटलं, पण ज्याचा गुन्हा केला त्याच्याकडे परत एकच गेला. दुसऱ्यानं गळफास घेऊन आपली शिक्षा आपणच ठरवली, म्हणून क्षमा त्याच्यापर्यंत पोचली नाही.” माझा एकही विनोद त्यानंतर कुणी एवढ्या गांभीर्याने घेतला नाही.

बाबा, पुढे त्याच वसतिगृहाचा मी अधीक्षक झालो. पाण्याची टाकी दर महिन्याला धुवून घेऊन नोंदवहीत सही करायची, हे माझे काम. तीन महिने मी फक्त सही केली. मग एका सकाळी चौदा मुले ओकू लागली. टाकीचे झाकण सरकलेले आणि आत मेलेले कबूतर. ते मी एकट्याने पाहिले आणि एकट्याने काढले. मुले वाचली, ही देवाची दया. चौकशी आली तेव्हा मी अहवाल लिहिला. माझ्या लेखणीतून उतरलेले ते सर्वांगसुंदर मराठी गद्य होते: ‘पाकगृहातील अक्षम्य अनास्था व भांड्यांची अस्वच्छता’. समितीतल्या एकाने भाषेची स्तुतीही केली. मावशीला त्याच आठवड्यात घरी पाठवले. तीस वर्षांच्या कामानंतर तिने आपली विळी कापडात गुंडाळली आणि माझ्या भाषेवरून तिनेच ठेवलेल्या नावाने मला म्हणाली, “पंडित, पोरांना सांभाळ.”

या उपवासकाळात अखेर मी पापनिवेदनाला गेलो. फादर तरुण आहेत. माझे अलंकृत निवेदन त्यांनी मध्येच तोडले. पापक्षमा देतो, म्हणाले, पण तुम्ही एका बाईचे चांगले नाव हिरावून घेतले आहे, ते तिला परत द्या, आणि समितीलाही लिहून द्या. समितीला लिहिलेले पत्र खिशात आहे, पाकीट अजून उघडे. झाईला मी तीनदा गेलो. पहिल्यांदा चिकू दिले आणि परतलो. दुसऱ्यांदा सुरुवात केली, ‘मावशी, अस्मादिकांच्या हातून एक महान प्रमाद घडला आहे’, आणि ती खोकला लागेपर्यंत हसली. तिचा मुलगा म्हणाला, येत जा काका, ती तुमच्यामुळेच हसते. तिसऱ्यांदा, गेल्या आठवड्यात, मी काही बोलण्याआधी तिनेच माझा हात धरला. “पंडित, खरं सांग. भांडी मी राखेनं घासली होती रे. तरी पोरं कशी आजारी पडली? माझंच काही चुकलं का?”

नऊ वर्षे ती हे उराशी घेऊन पडली आहे. माझे पाप तिने स्वतःचे समजून सांभाळले आहे. आणि तुमच्या पुत्राने काय केले? एक सुभाषित म्हटले, त्याचा अर्थ सांगितला, उशी नीट केली आणि बाहेर पडला. रात्रंदिवस ओक्साबोक्शी रडलो असे म्हणालो तर ते खरे ठरेल, आणि निरुपयोगीही. रडायला मला कुणी लागत नाही. सांगायला ती लागते, आणि ती निघाली आहे. ती गेली तर मी कुठल्या किनाऱ्याकडे पोहू?

वाक्य तयार आहे. ‘मावशी, टाकी मी धुतली नव्हती.’ त्यात एकही तत्सम शब्द घातलेला नाही. मोठ्या कष्टाने गाळले. तुम्हाला हे सारे सांगताना जीव हलका होतो आहे, आणि त्याचीच मला भीती वाटते. तुमचा मी काही गुन्हा केलेला नाही, तुम्ही क्षमा करून मोकळे व्हाल. म्हणून हे पान इथेच फाडतो.

एक राहिले. वर मी लिहिले की बसची वाट पाहतो आहे. ते लिहिले तेव्हा झाईची बस समोर उभी होती. वाहकाने दोनदा हाक दिली. मी मान खाली घालून लिहीत राहिलो, आणि ती निघाली तेही मला दिसले.