वैदूवरचा वार

जळगाव
१६ जुलै २०२५

ती. स्व. लीलाधरमामांस,
सारिकाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि प्रकरण लांबलचक आहे, म्हणून लिहितेय. इकडे सगळे ठीक. कुंदनची सर्दी तेवढी हटत नाही.

आम्हा बहीणभावाचा रविवारचा खेळ तुम्ही दिवाळीत पाहिलाच आहे. टेबलावर नकाशा मांडायचा, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, लढाईत फासे टाकायचे. खेळ मी चालवते. शत्रूच्या बाजूने खेळायचं आणि नियमाचा अर्थही लावायचा, दोन्ही माझ्याकडे. कुंदन भालाईत आहे. माझी मैत्रीण दिपमाला दोन वर्षांपासून वैदू.

परवाच्या रविवारी गुहेतल्या राक्षसाशी लढताना वैदू बेशुद्ध पडली आणि भालाइताने तिला ओढत बाहेर काढलं. खेळाच्या नियमांच्या पुस्तकात लिहिलंय, 'जो शत्रूच्या टप्प्यातून बाहेर जाईल, त्याच्यावर शत्रूने एक वार करावा.' मी राक्षसाचा वार वैदूवर धरला. फासा टाकला आणि ती मेली. दिपमाला शांतपणे म्हणाली, "मी गेले नाही, सारिका. मला नेलं." मग पिशवी उचलून निघून गेली. फोन उचलत नाही.

ती ओळ मी सारखी वाचतेय. 'जाईल' एवढंच आहे. तुम्ही इतकी वर्षं कुस्तीचे पंच होतात. तुम्ही काय धरलं असतं?

मामींना नमस्कार. उत्तराची वाट पाहणारी,
सारिका

साक्री
२२ जुलै २०२५

चि. सारिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बेसुध बाईवर वार? हाई कोनता न्याव शे?" तिने निकाल देऊन टाकला. मला मात्र ती ओळ सोडवत नाही.

एका जत्रेत दोन पैलवान ओल्या मातीत एकदमच घसरले आणि एकाची पाठ टेकली. पाठ टेकली की हरला, हे ठरलेलं. पण आपसूक टेकली तर काय, हे कोणी ठरवलं नव्हतं. मी कुस्ती पुन्हा लावली. लोक फार ओरडले. बरोबर केलं का, ते मला आजही सांगता येत नाही.

तेव्हा निकाल मागू नकोस, माझे प्रश्न घे. हा वार कशाबद्दल आहे? निघून जाताना माणसाचा सावधपणा सुटतो, त्याबद्दल असेल तर बेशुद्ध बाईला सावधपणा होता कुठे? आणि ओढणारा कुंदन, तोही टप्प्याबाहेर गेलाच ना? त्याला का सोडलंस, भाऊ म्हणून?

राक्षस केवढा आहे तेही लिही. माया आहेच, पत्र आलं की जरा वाढते.

तुझा मामा

जळगाव
२८ जुलै २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

राक्षस दोन पुरुष उंच आहे. तुमचा कुंदनबद्दलचा प्रश्न वाचून मात्र दचकले. त्याच्यावर वार धरायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि त्याचा भालाईत तर आधीच अर्धमेला होता.

तुमचं पत्र घेऊन दिपमालाकडे गेले. तिने ते वाचलं, चहा ठेवला आणि काल खेळायला आली. मी सगळ्यांसमोर सांगितलं की माझा अर्थ चुकला. स्वतःच्या पायाने जाईल त्याच्यावरच वार. म्हणजे वैदू जिवंत, वार भालाइतावर.

मग गंमत झाली. स्वतःसाठी अबोला धरणारी दिपमाला आता त्याच्यासाठी भांडायला लागली. तो राक्षसाकडे तोंड करून मागे सरकत होता, सावधच होता, मग वार कसला, असं म्हणू लागली. मुद्दा खोटा नव्हता. मी पुस्तक उघडणार, तेवढ्यात कुंदननेच तिला थांबवलं. म्हणाला, "मी माझ्या पायाने गेलो. टाक फासा."

मी टाकला. भालाईत पडला तो पडलाच.

पुढे वैदू शुद्धीवर आली. पाळी दिपमालाची. तिने त्याचा भाला मागितला. वैदूने शस्त्र चालवायचं नाही, हा नियम अगदी स्पष्ट आहे आणि तो तिला पाठ आहे.

तिने विचारलं, "चालवणार नाही. पण त्याच्या घरी पोचवता येईल ना?"

पुस्तकात याबद्दल काही नाही. मी हो म्हटलं. कुंदनने वैदूच्या सामानाची यादी असलेला तिचा कागद ओढून घेतला आणि त्यावर भाला स्वतः रेखाटून दिला.

तुम्हा दोघांची माया अशीच इकडे वळलेली असू द्या.

तुमची,
सारिका