न शिवलेली बाही

नजरबाद, म्हैसूर

काव्या बाळा,

प्रयोगशाळेत हात धरणाऱ्या त्या सरांविरुद्ध तू कॉलेजात तक्रार दिलीस. "अप्पा, बरोबर केलं ना?" असं काल फोनवर विचारलंस आणि मी नुसतं "हो गं राणी" म्हणून फोन ठेवला. जास्त बोललो असतो तर पुढचंही तोंडातून निसटलं असतं.

तुझ्या होणाऱ्या सासूबाई, जमुनाबाई, परवा दुकानात आल्या होत्या. "सुम्ने, उगाच कशाला बोभाटा? तिला तक्रार मागे घ्यायला सांगा, मगच साखरपुडा," म्हणाल्या. आपल्यात विहिणीचं साखरपुड्याचं ब्लाऊज मुलीचा बाप शिवतो. त्यासाठी त्यांनी आधी दिलेलं कापड मी न कापता, मापाच्या ब्लाऊजसकट, घडी करून त्यांच्या हातात परत दिलं. कॉफीसुद्धा विचारली नाही.

हे आत्ता कळलं तर माझ्या काळजीनं तू तक्रार मागे घेशील. लहानपणापासून तशीच तू. ताप आला तरी माझी शिलाई थांबू नये म्हणून गप्प पडून राहायचीस. म्हणून सोमवारी कॉलेजच्या चौकशी समितीसमोर तुझं बोलून होईपर्यंत हे पत्र मशीनच्या खणात राहील. मग मीच सांगेन. रागावलीस तर रागाव.

आज बेंगळुरूच्या बसनं फक्त तुझा निळा कुर्ता पाठवतोय. हात सोडवताना फाटलेली बाही शिवून द्या म्हणाली होतीस. सैल झालेलं बटण घट्ट केलं, पण बाहीला सुई लावली नाही. ती समितीला तशीच बघू दे, एवढंच फोनवर सांगेन.

तुझाच,
शिंपी अप्पा