शेवटच्या खोलीतली करडी चित्रं

पप्पांना सविनय जयभीम,

आम्ही मजेत आहोत. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

रविवारी इथल्या अवोन्डेलच्या बाजारातून भाजी घेऊन एका जुन्या चित्रकाराचं घर बघायला गेलो. तिथं आता फक्त त्याच्याच चित्रांचं म्युझियम आहे. शेवटच्या खोलीतली चित्रं नुसती करडी होती. तोवर त्याची नजर गेली होती, असं तिथल्या बाई म्हणाल्या. रियानं लगेच विचारलं, "लाइक आजोबा?" मी तिच्यावर उगाच खेकसले.

तुम्ही पाट्या रंगवणं बंद केलंत, हे दादाकडून कळलं. मला फोनवर मात्र "डोळे ठीक आहेत" म्हणता.

माझ्या लग्नात तुम्ही आपल्या घराच्या दाराशेजारच्या भिंतीवर 'मंगल परिणय' लिहून खाली माझं नाव रंगवलं होतं. ते अजून वाचता येतं का? दादाला विचारू नका, स्वतः वाचून सांगा.

तुमची,
अक्षता