दादा मागे उरावा म्हणून

मी, शाळेत संस्कृत शिकवणारी, अविवाहित, या घराची एकटी मालकीण, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. स्वखुशीने लिहिते असे म्हणवत नाही. वैतागून लिहिते आहे. वैतागावर मात्र कुणाचाही दबाव नाही.

१. राहते घर माझ्यामागे थोरल्या भावाला, म्हणजे दादाला मिळावे. एवढे सांगून मी उठणार, तोच वकिलांनी विचारले, "आणि ते आधी गेले तर?" तेव्हापासून घास गोड लागत नाही. दादाच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग आहे. डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी त्याने परस्पर बंद केली आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या सल्ल्याने लसणाच्या, माशाच्या तेलाच्या आणि मलाही उच्चारता न येणाऱ्या कशाकशाच्या कॅप्सूल आणल्या. "गोळी म्हणजे केमिकल गं. हे नैसर्गिक आहे." धोत्राही नैसर्गिकच आहे, दादा. रक्ताचा नवा अहवाल पाहून डॉक्टर म्हणाले, "इसबगोल हवं तर घ्या, थोडा उपयोग होतो. पण गोळीच्या जागी काहीही नको." दादाने यातले पहिले वाक्य तेवढे ऐकले.

२. पुस्तके भाचीला, दादाच्या मुलीला. सध्या ती जमिनीवर आहेत, कारण कपाटात बाटल्या आहेत. एकीवर 'अमृत' असे छापले आहे. अमृत प्यायलेल्यांची यादी मला पाठ आहे. तीत दादा नाही.

३. कॉफी दळायचे यंत्र कुणालाही देऊ नये. दादा त्यात जवस दळतो आणि भांडे धूत नाही. सत्त्व जाते म्हणे. भंगारात द्यावे, भंगारवाल्याला आधी कल्पना देऊन.

४. दादा माझ्याआधी गेल्यास घर कोपऱ्यावरच्या कॅप्सूलवाल्यांना मिळावे. भाचीला विचारले आहे. "चालेल आत्या, पण बाबांना वाचून दाखव," म्हणाली. साक्षीदारांसमोर वाचले, तेव्हाचे बोलणे नोंदवते.

"त्याला? आपलं घर?"

"तुझ्या शरीरात त्याचाच सल्ला चालतो. घरात चालला तर काय बिघडलं?"

"चिडलीस की काहीही लिहितेस तू."

"तू मागे राहिलास की हे कलम निकामी. तेवढंच कर."

त्याने उठून कपाटाचे दार लावले. मग म्हणाला, "ती गोळी कुठे ठेवलीस?"

साखरेच्या डब्यावर ठेवली होती. तिथे त्याचा हात चोरून का होईना, जातोच.

गोळी घेतल्यावर "आता खोड ते" म्हणाला. खोडणार नाही. गोळी रोजची आहे.

साक्षीदार:
(१) आमचे डॉक्टर. मी शुद्धीत आहे हे यांनी तपासले. वैतागावर औषध नाही म्हणाले.
(२) शेजारचे शिंपी.
माझी सही आणि दादाचे गोळी गिळणे, दोन्ही यांनी समक्ष पाहिले.

सही: धाकटी बहीण
ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल, बाटल्या बाजूला सारून
दिनांक: पुढच्या रक्ततपासणीआधीचा शनिवार