दिवसा झोपणारं घर

आजी,

परवा तुझ्या लेकानं, आमच्या दादांनी, माझा पार गोंधळ उडवून दिला. मी माझ्या नातवाला घेऊन बाहेर निघाले होते, तर ते खुर्चीतून म्हणाले, "माझ्या झोपेपायी म्हातारीचे लई हाल झाले. तुला घेऊन उन्हातान्हात बसून राहायची बिचारी." मी चपला घालता घालता थांबले. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलेय, की आमच्या आजीला माझ्याशिवाय करमायचं नाही, म्हणून ती मला नदीवर न्यायची.

दापोडीची आपली ती एकच खोली. दादा कंपनीतून तिसरी पाळी करून सकाळी यायचे, तोवर आई कामाला गेलेली असायची. दादा आडवे झाले, की तू भाकरी-चटणी फडक्यात बांधायचीस आणि ओठांवर बोट ठेवून म्हणायचीस, "चल गं माजे बाय. बाप निजलाय, आपून भाईर जाऊ." मग पवनेकाठी चिंचेखाली आपण दोघी. मी तुझ्या पायांवर वाळू रचतेय, आणि मुंग्या चावताहेत तरी तू पाय हलवत नाहीयेस. घरी जाऊ म्हटलं, की उन्हाकडे बघून म्हणतेस, "इतक्यात कुटं? बस की जराशी." मला वाटायचं, तुझं मन भरत नाही. आता वाटतं, तू लेकाची झोप पुरी व्हायची वाट बघत होतीस. आणि हे मला लागलं, आजी. या वयात लागून घेण्यासारखं त्यात काही नाही, तरी लागलं.

मग काल भाजी निवडताना एक सकाळ आठवली. त्या आठवड्यात दादांना पहिली पाळी होती, ते पहाटेच गेलेले. तू दाराला कुलूप लावत होतीस, आणि शेजारच्या मावशींनी विचारलं, "नातीला घेऊन कुटं निगालात?" तू म्हणालीस, "पोरगा निजलाय न्हवं. पोरीचा गलका नगं." मावशी कुलपाकडे बघून हसायला लागल्या. तू माझं बोट धरून तरातरा चालू लागलीस. आता याचा अर्थ काय लावू? सवयीनं बोलून गेलीस, की मुद्दाम? दादांना विचारलं, तर म्हणाले, "मी कामावर, मला काय ठावं." घटकेत एक पटतं, घटकेत दुसरं.

विचारायचं तर तुलाच, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाली. हा कागद घडी करून कपाटात जाईल, एवढंच. पण एक सांगते. सून रोज नोकरीला जाते, दिवसभर नातू माझ्याकडे असतो. काल तिनं रजा काढली होती. म्हणाली, "आई, आज त्याला मी भरवते, तुम्ही आराम करा." मी म्हटलं, "अगं, घरात तो दुपारचा घासच घेत नाही. बागेत न्यावं लागतं." आणि डबा उचलून त्याला घेऊन खाली उतरलेसुद्धा.

घरात तो छान जेवतो, आजी.