रुपेरी पानांचा भोपळा

२ मार्च, सकाळी ६
आजपासून रोज पहाटे संशोधन केंद्राच्या प्लॉटवर. पांढरी माशी गारव्यात सुस्त असते, पानाखाली बसलेली मोजता येते. उन्हं वर आली की उडते. मी ३० एप्रिलला रिटायर. त्याआधी या माशीला दाद न देणारा माझा भोपळा समितीकडून मंजूर करून घ्यायचाच. एकोणीस वर्षं घातली आहेत. बरोबरीचा एक जण संचालक झाला, मी अजून भोपळ्यातच.

३ मार्च, ११.२०
उठायला उशीर. पण मोजणी केली. वीस पानांवर माश्या चार. भल्याभल्यांची बोलती बंद होईल.

९ मार्च, पावणेबारा
माश्या दोन. वाणच इतका कणखर आहे की पहाटे यायची गरज उरली नाही. माझ्या गुडघ्यांचा यात काही संबंध नाही.

१७ मार्च
पानांवर चांदीसारखी झाक. आधी शिरांवर होती, आता पानभर. शेजारच्या ओळींना नाही. प्रतिकारशक्ती अंगावर दिसायला लागली म्हणायची. नाव ठरलं, 'रुपेरी'. बायकोला फोटो दाखवला. ती म्हणाली, आजारी दिसतंय. घरातला मनीप्लांट जिने मारला तिचं मत.

२२ मार्च
कीटकशास्त्राच्या बाई आल्या. माझ्याच हाताखाली शिकलेल्या. वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "सर, एकदा पान उलटून बघा. माशीची पिल्लं रस शोषतायत, म्हणून ही झाक आहे."
मला शिकवू नका म्हणालो. दुसरं कोणी बोललं असतं तर इतकं लागलं नसतं. पान उलटलं नाही.

२३ मार्च
बाईंविरुद्ध लेखी तक्रार. विषय: ट्रायलमध्ये ढवळाढवळ.

२ एप्रिल
बाईंची रवानगी बियाण्यांच्या गोदामात. जरा जास्तच झालं का? नाही. शिस्त म्हणून काही असते.

१८ एप्रिल
समिती आली. रुपेरीपाशी थांबली. अध्यक्षांनी पान उलटलं. खाली पिल्लंच पिल्लं, बोट ठेवायला जागा नाही. हात चिकट झाला, तो त्यांनी रुमालाला पुसला. मी यंदाच्या हवामानावर वीस मिनिटं बोललो. इथे कीटकशास्त्र कोण बघतं, असं त्यांनी विचारलं. गोदामात आहेत, म्हणालो.

३० एप्रिल
पत्र आलं. रुपेरी नामंजूर, पण ठेवून घेतला आहे. माश्या सगळं सोडून आधी त्याच्यावरच बसतात. म्हणून यापुढे प्रत्येक केंद्रावर, प्रत्येक ट्रायलमध्ये, दर दहा ओळींमागे एक ओळ रुपेरीची लावायची. त्यावर माश्या पोसायच्या आणि दुसऱ्यांच्या वाणांची परीक्षा घ्यायची. शिफारस कीटकशास्त्राच्या बाईंची. खाली त्यांनी पेनाने लिहिलंय, सर, इतकं भरवशाचं बियाणं दुसरं मिळालं नाही.
त्या चेष्टा करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तेच सहन होत नाही.
बायकोने विचारलं, मग आता सगळीकडे लावणार का? हो म्हणालो. ती खुशीत लगेच बहिणीला फोन करायला गेली. मी थांबवलं नाही.