चावीच्या बदल्यात फोन

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून सांगतो, मी ठणठणीत आहे.

फोन लागला नाही की जीव टांगणीला लावू नकोस. बस चालवताना फोन हातात दिसला तर आता लायसन्स जातं, असा कायदा झालाय. डेपोत फोन जमा केल्याशिवाय चावीच देत नाहीत. बरंच झालं म्हणायचं. माझा जोडीदार ड्रायव्हर फोनवर बोलता बोलता बस घेऊन खांबावर गेला होता. आता कुठे काठीशिवाय चालायला लागलाय.

काल तुझा फोन आमच्या डेपोच्या वॉचमनने उचलला. माझाच आवाज बसलाय समजून तू त्याला मिठाच्या गुळण्या करायला सांगितलंस. तो बिचारा ‘हो आई’ म्हणत राहिला.

बाबांचा गुडघा कसा आहे?

मी बोललो नाही, तर दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत समज. फोन मात्र करत जा. वॉचमनचा घसा चांगला आहे, तरी गुळण्या करतोय.

तुझा धाकटा